घर रिकामे करिताना

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली, की मराठीच्या पहिल्या तासास आम्ही विद्यार्थ्यांस 'माझी सुट्टी' हा निबंध लिहावयास सांगतो. विषय जुना आहे, झिजलेला आहे, आणि तो फळ्यावर लिहिला जात असता मुले एकमेकांकडे कोणत्या मुद्रेने पाहतात हे आमच्या ध्यानात येत नाही असेही नाही. २०२३ च्या जूनमध्ये नववीच्या वर्गातील एक धीट मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, यंदा तुम्हीच लिहा ना!" वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि वेळ मारून नेली. परंतु त्या वर्षीच्या सुट्टीत आम्ही जे केले ते काही हसण्यासारखे नव्हते, आणि म्हणूनच तो प्रश्न मनात राहून गेला. ह्या अंकासाठी काहीतरी लिहून द्यावे असा संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा उशिराने का होईना, तो निबंध पुरा करून द्यावा असे ठरविले.

आमची आई २०२२ च्या डिसेंबरात, नाताळास आठ दिवस उरले असता, प्रभूच्या घरी गेली. राहुरीस ज्या भाड्याच्या घरात ती १९८३ पासून राहिली, ते घर मे महिन्याच्या अखेरीस रिकामे करून मालकांच्या स्वाधीन करावयाचे होते. मालक भला मनुष्य. त्याने पाच महिने भाडे न घेता थांबण्याचा समजूतदारपणा दाखविला होता. राहुरी हे नगर-मनमाड रस्त्यावरचे गाव. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांचे काही वर्षे तेथे वास्तव्य होते, त्यामुळे मराठी ख्रिस्ती कुटुंबांत ह्या गावाचे नाव जिव्हाळ्याने घेतले जाते. आई तेथे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सारे गाव तिला 'बाई' म्हणे. बाबा २००९ मध्ये वारले. तेव्हापासून ती एकटीच त्या दोन खोल्यांत राहिली. पुढे ओटा, मागे पडवी आणि मोरी, एवढाच त्या घराचा विस्तार. एवढ्याशा घरात काय असणार आणि ते आवरावयास किती दिवस लागणार, असे आम्हांस वाटले होते. चार दिवस पुरतील असा आमचा अंदाज होता. लागले बारा.

आम्ही तिघे भावंडे. थोरल्या ताई पुण्यास, धाकटा भाऊ नागपुरास. आम्ही सर्वांत जवळ असल्यामुळे आणि शिक्षकास सुट्टी असतेच असा जगाचा समज असल्यामुळे, पहिले काही दिवस आम्ही एकट्यानेच काम करावे असे ठरले.

वाचकहो, घर लावणे आणि घर मोडणे ह्यांत पुष्कळ अंतर आहे. लावताना एकेक वस्तू वर्षावर्षाने येते. मोडताना साऱ्या एकदम अंगावर येतात. पहिल्या दिवशी आम्ही नुसते खोलीच्या मधोमध बसून राहिलो. माळ्यावर पत्र्याच्या तीन पेट्या. पडवीत तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा आणि जाते. फडताळात डब्यांवर डबे. कोनाड्यात बाबांची झांज. भिंतीशी त्यांची बाजाची पेटी, भाता फाटलेली. बाबा कीर्तने करीत. ह्या पेटीवरून पुढे ताई व धाकटा ह्यांच्यात अर्धा दिवस अबोला झाला. चौदा वर्षे जिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, तीच पेटी घर मोडू लागताच दोघांनाही प्राणापलीकडे प्रिय झाली! शेवटी धाकट्याने स्वखर्चाने भाता बदलून ती गावच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेस द्यावी असे ठरले, आणि दोघेही एकमेकांवर उपकार केल्यासारखे समाधान पावले. असो.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगी उत्साह संचारला. तो उत्साह संचारला नसता तर बरे झाले असते. दारावरून भंगारवाल्याची हाक आली आणि आम्ही त्यास आत बोलाविले. वर्तमानपत्रांची रद्दी, गंजलेली खाट, फुटक्या बादल्या, जुना स्टोव्ह, पितळेची दोन पातेली, आणि माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेली तांब्याची एक कळशी, हे सर्व त्याने ताणकाट्यास लावून आमच्यादेखत तोलले. कळशी पावणेतीन किलो भरली. किलोस ५०० रुपये ह्या भावाने तिचे १,३७५ रुपये झाले. बंब मात्र आम्ही दिला नाही, कारण त्याच्या पाण्याने आमच्या लहानपणीच्या सगळ्या अंघोळी झालेल्या. कळशीशी आमची काही ओळख नव्हती. ती आम्ही कधी वापरात पाहिलीच नव्हती. तेव्हा ती अडगळ, असा निवाडा आम्ही उभ्या उभ्या करून टाकला. माळ्यावरची जागा मोकळी झालेली पाहून आम्हांस धन्यताही वाटली.

त्यानंतरचे दिवस कागदपत्रांत गेले. येथे पालकवर्गासाठी दोन शब्द. निवृत्तिवेतनाचे पुस्तक, बँकेची पासबुके, मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, आधारपत्र ही एका पिशवीत बाजूस काढल्यावाचून बाकीच्या कागदांस हात लावू नये. आणि वयोवृद्ध मनुष्याच्या घरातील पुस्तक झटकून पाहिल्यावाचून कोणास देऊ नये. आईच्या पलंगाशेजारी तिच्या आजीपासून चालत आलेले बायबल होते. पंडिता रमाबाईंनी केलेले हे भाषांतर केडगावच्या मुक्तिमिशनात १९२४ साली छापून पुरे झाले. रमाबाई त्यापूर्वीच, १९२२ मध्ये, निवर्तल्या होत्या. त्याच्या कोऱ्या पानांवर चार पिढ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू वेगवेगळ्या शाईंनी लिहिलेले आहेत. शेवटची नोंद बाबांची, आईच्या हातची. तिच्या खाली तिने एक ओळ मोकळी सोडून ठेविली होती. ती आम्ही भरली.

त्याच बायबलाच्या कापडी आवरणात पाचशे रुपयांच्या सात नोटा निघाल्या. त्या ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातून रद्द झालेल्या. बँकेत भरण्याची मुदत त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरास संपलेली. अशा दहापर्यंत नोटा जवळ बाळगण्यास कायद्याची हरकत नाही, म्हणून त्या जेथे होत्या तेथेच राहू दिल्या. साडेतीन हजार रुपये! ती औषधाची अर्धी गोळी मोडून खात असे, हे आम्हांस ठाऊक होते. हे पैसे कशासाठी साठविले होते, ते आता कोण सांगणार? दहा नाण्यांपैकी एक हरवले म्हणून दिवा लावून घर झाडणाऱ्या स्त्रीचा दृष्टांत आम्ही वर्गात अनेकदा शिकविला आहे. येथे नाणी सापडली होती. हरवले होते ते दुसरेच काही.

आईची लुगडी-पातळे कोणी नेसावयास नेईना. जुन्या वस्त्रांच्या गोधड्या शिवणारी एक बाई गावात आहे, तिच्याकडे ती ताईंनी दिली आणि तीन गोधड्या शिवून घेतल्या. जात्याने मात्र आमची फार परीक्षा पाहिली. ते नेण्यास कोणी तयार नव्हते, आणि फेकून देण्यास आम्ही धजत नव्हतो. अखेर मालकाच्या सुनेने ते अंगणात ठेवून घेतले.

सातव्या दिवशी स्वैपाकघरातील डबे रिकामे करू लागलो. ज्वारीच्या पिठाच्या मोठ्या डब्याच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली, पिवळ्या पुठ्ठ्याची एक वही निघाली. वर आईच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, 'दुसऱ्यांचे'.

आम्ही ती पडवीत उजेडाला नेऊन उघडली. वहीत एकंदर २३ नोंदी होत्या. प्रत्येकीत वस्तू, ती कोणाची, कधी आणि कशासाठी ठेवावयास दिली, हे लिहिलेले. पंधरा नोंदींवर रेघ मारून 'परत दिले' असे लिहून तारीख घातली होती. आठ बाकी होत्या. म्हणजे ज्या घरातील वस्तू आपल्या समजून आम्ही सात दिवस वाटीत, विकीत आणि त्यांवरून अबोले धरीत होतो, त्यांतील कित्येक आमच्या नव्हत्याच. आई ही सगळ्या आळीची विनापावतीची बँक होती आणि तिच्या पोटच्या मुलांस त्याचा पत्ता नव्हता.

बाकी नोंदींपैकी एक अशी होती: शाळेच्या ग्रंथालयाची दोन पुस्तके, १९९१. ती आम्ही नेऊन दिली, तेव्हा ग्रंथपाल दंडाचा हिशेब करता करता हसू लागले. दुसरी नोंद ऊसतोडणीस आलेल्या एका कुटुंबाची होती. हंगाम लागला की कारखान्याच्या आसपास तोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. कोपीत कागद भिजतो, जळतो, बैलाच्या तोंडी जातो. म्हणून त्या कुटुंबाने आपल्या मुलीचा जन्मदाखला २०११ मध्ये बाईंपाशी ठेविला होता, आणि पुढे ते त्या बाजूस आलेच नाही. धाकट्याने मुकादमाचा मुलगा शोधून काढला, त्याने आणखी कोणास दूरध्वनी केला, आणि पाचव्या माणसापाशी पत्ता मिळाला. मुलगी अकरावीत गेली होती. टपालाने दाखला पोचल्यावर तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांना फार बोलता आले नाही. "बाईंनी ठिवला व्हता व्हय," एवढेच ते दोनदा म्हणाले.

आणि चौथी नोंद अशी: 'तांब्याची कळशी एक. कोपऱ्यावरच्या ताईंची. त्यांच्या आईने लग्नात दिलेली. काठावर आईचे नाव आहे. घरात भांडी विकली जातात म्हणून ठेवावयास दिली. १९९८. मागतील तेव्हा देणे.'

काठावर नाव आहे! कासाराकडून भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घालून घेण्याची आपल्याकडे रीतच आहे. कोणाही शहाण्या माणसाने भांडे देण्यापूर्वी काठ पाहिला असता. आम्ही वीस वर्षे मुलांस सांगत आलो, की उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न दोनदा वाचा. आम्ही ती कळशी एकदाही वाचली नाही.

ज्या बाईंची ती कळशी, त्यांस आम्ही लहानपणापासून मावशी म्हणतो. त्यांच्या यजमानांस दारूचे व्यसन होते, आणि घरातले एकेक भांडे बाजारात जात असे, हे सगळ्या आळीस ठाऊक होते. यजमान वारून बरीच वर्षे झाली, तरी कळशी मावशींनी परत नेली नव्हती. बाईंकडे आहे म्हणजे आहे, असा त्यांचा हिशेब. वर्षातून एकदा त्या येत, आई माळ्यावरून ती काढवी, दोघी मिळून ती चिंचेने घासीत आणि पुन्हा फडक्यात बांधून ठेवीत, हे आम्हांस मागाहून कळले.

योग असा, की दुसऱ्याच दिवशी सकाळी मावशी स्वतः ओट्यावर येऊन बसल्या. सत्तरीची बाई, काठी टेकीत आलेली. थोडे आईविषयी बोलल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाळा, नातीचं लगीन जमलंय. बाईंकडं माझी कळशी हाय. तेवढी काढून दे की रं."

येथे आमच्या हातून जे घडले ते विद्यार्थ्यांपुढे लिहावे की न लिहावे, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आम्ही म्हणालो, "मावशी, ती नगरला कल्हईस दिली आहे. दोन दिवसांनी आणून देतो." हे शब्द इतक्या सहज तोंडातून बाहेर पडले, की ते आमचेच आहेत ह्याचा आम्हांस क्षणभर विश्वास वाटेना. मावशींनी आमच्याकडे जरा वेळ पाहिले, "बरं," म्हणाल्या आणि काठी टेकीत गेल्या.

त्या गेल्या आणि आम्ही धावत भंगारवाल्याकडे गेलो. त्याचा माल शनिवारी नगरास जातो आणि तो गेला होता. नगर म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण. २०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे, आमच्या तोंडी मात्र अजून जुनेच येते. भंगारवाल्याने व्यापाऱ्याचा पत्ता दिला. एस. टी. ने जाताना वाटेत आम्ही मनाशी नाना बेत केले. कळशी न मिळाली तर तशीच दुसरी विकत घ्यावी. काठावर नाव घालून घ्यावे. म्हाताऱ्या डोळ्यांस फरक कळणार नाही. पाहा, एक खोटे बोलल्यावर दुसरे कसे आपोआप रांगेत येऊन उभे राहते!

त्या व्यापाऱ्याच्या गोदामात तांब्या-पितळेचा ढीग माणसाच्या कमरेइतका होता. परात, तपेले, समई, घंगाळ, देवघरातील लहानसहान भांडी, लग्नातले आंदणाचे तांबे, सारे एकमेकांत चेपून बसलेले. जवळजवळ प्रत्येकाच्या काठावर कोणाचे तरी नाव. आम्ही दोन तास एकेक भांडे उजेडाकडे धरून नावे वाचीत होतो. गोदामातला पोरगा प्रथम हसला. नंतर तोही शोधू लागला. कोणाकोणाच्या आयांची आणि सासवांची नावे आम्ही त्या दुपारी वाचली ह्याला गणती नाही. अखेरीस कळशी मिळाली ती पोरग्यालाच. गाडीत जागा व्हावी म्हणून ती एका बाजूने पायाने चेपली होती. पोट आत गेले होते आणि बुडाजवळचा सांधा उकलला होता. काठ मात्र शाबूत होता, आणि त्यावरचे नाव आम्ही अखेर वाचले.

व्यापाऱ्याने १,७०० रुपये घेतले. घासाघीस करण्याचे तोंड आम्हांस नव्हते. जुन्या बाजारपेठेत एक वृद्ध तांबट बसतो. त्याने कळशी फिरवून फिरवून पाहिली, खुंटीवर घालून लाकडी हातोडीने पोचे काढले आणि सांधा बुजवून दिला. "सरळ होईल, पण पहिल्यासारखी व्हायची नाही," असे त्याने आधीच बजाविले होते, आणि ते खरे ठरले. ठोक्यांच्या खुणा अंगभर राहिल्या. तांबट म्हणाला, पाणी भरून रात्रभर ठेवा. पाझरली तर परत आणा.

संध्याकाळी राहुरीस पोचलो, तो सरळ कोपऱ्यावर गेलो. मावशी दारात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. एस. टी. त योजिलेली सारी वाक्ये जिभेवर आली आणि तेथेच राहिली. आम्ही कळशी त्यांच्यापुढे ठेविली आणि म्हणालो, "मावशी, मी कल्हईला दिली नव्हती. ओळखलीच नाही, भंगारात विकली. आज शोधून आणली. चेपली आहे. तुमच्याशी खोटे बोललो."

मावशींनी सूप बाजूस सारले. कळशी मांडीवर घेऊन काठावरून बोट फिरविले, नाव जेथे होते तेथे ते थांबले, मग पोच्यांवरून फिरले. "पाण्याच्या कळशीला कल्हई कोन करतं रं, बाळा?" त्या म्हणाल्या. "कल्हई सैपाकाच्या भांड्याला. मी तवाच वळखलं. म्हनलं, मास्तर झाला तरी बाईंचाच हाय, यील सांगायला."

त्या उठल्या, नळाखाली कळशी काठोकाठ भरली आणि ओट्यावर कोरड्या फरशीवर ठेविली. पाझरते की नाही ते सकाळी कळेल, असे म्हणून त्यांनी आम्हांस जेवून जाण्यास सांगितले. आम्ही जेवलो. पिठले-भाकरी होती. जेवताना त्या आईच्या गोष्टी सांगत होत्या, त्यांतल्या निम्म्या आम्ही पहिल्यानेच ऐकत होतो.

त्यानंतरचे दिवस उरलेल्या नोंदी फेडण्यात गेले. सातांच्या पुढे आम्ही रेघ मारून तारीख घातली. आठवी नोंद अजून बाकी आहे: 'स्टीलचा डबा, झाकणावर पोचा. कोणाचा ते आता आठवत नाही. विचारीत राहणे.' तो डबा आमच्या घरी आहे. राहुरीहून कोणी आले की आम्ही तो पुढे करून विचारतो.

कळशी भरून ठेविली त्याच्या दुसऱ्या सकाळी, साडेसहाच्या सुमारास, आम्ही कोपऱ्यावर जाऊन पाहिले. मावशी आमच्या आधीच उठून तेथे बसल्या होत्या. कळशी काठोकाठ तशीच होती आणि खालची फरशी कोरडी होती.